मुळांची लांबी अंदाजे लिहू नये

घेवड्याच्या रोपाला जमीन मिळायची असेल तर माणसाकडे प्रमाणपत्र असावं लागतं, ही गोष्ट ठकीच्या आईला उद्यान विभागाच्या खिडकीपाशी कळली. तोवर तिची भाबडी समजूत अशी होती, की जमिनीला बी लागतं, बियाला पाणी लागतं आणि पुढचं ज्याचं तो बघून घेतो.

ठकी चार वर्षांची. पानात पडलेली कुठलीही हिरवी गोष्ट दोन बोटांत धरून, मेलेला किडा टाकावा तशी ती ताटाच्या कडेला नेऊन ठेवायची. या ठकीनं दह्याच्या रिकाम्या डब्यात स्वतःच्या हातानं घेवड्याचं बी खोचलं, ते उगवलं आणि तिनं घरात जाहीर केलं, "याच्या शेंगा मी खाणार. सगळ्या. तुला एक देईन." दातांच्या दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या वेळा लिहीत बसणाऱ्या बाईला असं आश्वासन आयुष्यात फार वेळा मिळत नाही. पण डबा केवढा तर ओंजळीएवढा. घर तिसऱ्या मजल्यावर. घेवड्याला चढायला काठी हवी, पाय पसरायला जमीन हवी. रस्त्यापलीकडे रहिवाशांसाठी राखलेली बाग होती. तिच्यात चाळीस वाफे होते आणि चाळीसही रिकामे होते. कुंपणावर पाटी होती: 'वाफे फक्त प्रमाणित गृहबागकारांसाठी.'

"मग व्हा की प्रमाणित," खिडकीतला कारकून म्हणाला. "वसंत वर्ग सुरू होतोय. आठ शनिवार. शेवटच्या शनिवारी समारंभ, त्याच दिवशी वाफा."

"अहो, तोवर रोप डब्यात मावणार नाही."

"त्याला सांगा थांबायला."

हे तो थट्टेनं म्हणाला नाही. या खिडकीशी आलेली प्रत्येक गोष्ट थांबते, हा त्याचा वीस वर्षांचा अनुभव होता.

वर्ग विभागाच्या नव्या सभागृहात भरला. ठकीला सांभाळायला शनिवारी कुणी नसे, म्हणून तीही आईबरोबर यायची. हजेरीपटावर तिची नोंद 'सोबतचे सामान' या रकान्यात झाली. सभागृहाला नुकत्याच पांढऱ्याशुभ्र फरश्या बसवल्या होत्या आणि दारावर सूचना होती, की आत माती आणण्यास सक्त मनाई आहे. पहिल्या दिवसाचा विषय होता 'माती: एक परिचय'. मार्गदर्शक सरांनी पडद्यावर मातीचं छायाचित्र दाखवलं. मग तेच छायाचित्र जवळून दाखवलं. सरांची नखं इतकी स्वच्छ होती, की ठकीच्या आईच्या मनात आलं, आपल्या दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा हातमोजे काढल्यावर इतके स्वच्छ नसतात.

दुसऱ्या शनिवारी सर्वांना 'रोप प्रगती नोंदपत्र, नमुना ब' मिळालं. पहिले सहा रकाने सोपे होते. सातव्यात लिहिलं होतं: 'मुळांची लांबी (अंदाजे लिहू नये).'

"सर," ठकीच्या आईनं हात वर केला, "मुळं मोजायची म्हणजे रोप उपटावं लागेल ना?"

"उपटायचं नाही, मॅडम. बाहेर काढायचं."

"त्यात फरक काय?"

"उपटलेल्या रोपाची नोंद होत नाही," सर शांतपणे म्हणाले. मग त्यांनी पार्श्वभूमी सांगितली. गेल्या वर्षीच्या तुकडीनं मुळांची लांबी अंदाजानं भरली होती. वरून तपासणी आली आणि शेरा पडला, की सदर रोपांना मुळे असल्याचा कोणताही पुरावा आढळून आला नाही. "तेव्हापासून आम्ही जोखीम घेत नाही. दर शनिवारी रोप घेऊन यायचं, माझ्यासमोर मोजायचं, मी सही करणार. आणि हो, सभागृहात माती चालत नाही. तेव्हा रोप घरूनच मातीतून काढून, ओल्या कागदात गुंडाळून आणावं."

एकदा चुकलं तर नाव कमी. नाव कमी झालं तर वाफा नाही.

त्या आठवड्यात ठकीच्या आईनं चहाच्या चमच्यानं, श्वास रोखून, तान्ह्या बाळाला आंघोळीच्या पाण्यातून उचलावं तसं ते रोप मातीतून उचललं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अगं, पोर झोपलंय का ते बघायला त्याला दर दहा मिनिटांनी उठवून बसवतं का कुणी?"

"आई, फॉर्मवर रकाना आहे."

रकाना आहे म्हटल्यावर सासूबाईंनी पदर खोचला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्यांचीही हयात रेशनच्या, शाळेच्या आणि इस्पितळाच्या रांगांतच गेली होती.

ठकीला मात्र हा प्रकार बेहद्द आवडला. सरांकडे एक लांब, चकचकीत स्टीलची पट्टी होती. दर शनिवारी ठकी ती पट्टी दोन्ही हातांनी धरून टेबलापाशी उभी राहायची आणि सर म्हणायचे, "वा! हिला बघा. हिच्यात गती आहे." घरी आल्यावर तिनं घरच्या पट्टीनं उशी मोजली, आजीची चप्पल मोजली, आजीचं नाकही मोजलं. रोपाशी पूर्वी ती गप्पा मारायची. आता येता-जाता विचारायची, "किती झाला रे?"

चौथ्या शनिवारी मूळ आठ सेंटिमीटरवरून सहावर आलं.

"घट," सर म्हणाले. "खुलासा द्यावा लागेल."

ठकीच्या आईनं लिहिलं: 'सदर मूळ मोजणीसाठी बाहेर काढताना तुटले.' सरांनी पेन घेऊन त्यातला बराचसा मजकूर खोडला. "मोजणीनं काही तुटत नसतं, मॅडम. असं लिहिलंत तर मोजणीवर ठपका येतो. 'वैयक्तिक कारणास्तव' लिहा."

तिनं लिहिलं: 'सदर मूळ वैयक्तिक कारणास्तव कमी झाले आहे.' सही झाली.

"आणि रोपानं मान का टाकलीय?" तिनं विचारलं.

"मूल्यमापनाची सवय नाही त्याला अजून. असं करू, याला 'विशेष लक्ष' गटात घालू."

"म्हणजे काय करायचं?"

"कमकुवत रोपं आम्ही आठवड्यातून दोनदा मोजतो."

ती रोप कागदात गुंडाळून बाहेर आली, तेव्हा पायऱ्यांवर तिच्या वर्गातले निवृत्त पोस्टमास्तर बुटाची नाडी बांधत बसले होते. त्यांची झिनिया सगळ्या वर्गात एक नंबर होती. दर आठवड्याला बरोब्बर एक सेंटिमीटर वाढायची, ना कमी ना जास्त. त्यांनी ठकीच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं आणि आपल्या झिनियाच्या कागदाची घडी उलगडली.

"हात लावा."

तिनं पाकळीला हात लावला. पाकळी कापडाची होती.

"आणि... मुळं?"

"शिवायचा दोरा. चहाच्या पाण्यात बुडवलेला. शुक्रवारी संध्याकाळी एक सेंटिमीटर सोडतो." पोस्टमास्तरांचा आवाज एकदम घरगुती झाला. "खरी झिनिया घरी आहे हो. तिला हात लावत नाही मी. तुम्हीही तेच करा, पोरी. त्यांना त्यांचं रोप द्या, आपलं आपण सांभाळा."

त्या रविवारी ठकीच्या जुन्या हिरव्या झबल्याची पानं कातरली गेली. सासूबाईंनी चष्मा लावून त्यांच्या शिरा टाचल्या. नवरा हसला, मग स्वतःच तार वाकवून देठ करू लागला. तासाभरात घेवडा तयार झाला. झबल्यावर दुधाचा एक जुना डाग होता, तो नेमका वरच्या पानावर आला. खरं रोप पुन्हा डब्यात, खिडकीच्या कोपऱ्यात बसलं आणि घरात नियम झाला: याला कुणीही हात लावायचा नाही.

कापडी घेवड्यानं तीन आठवड्यांत 'विशेष लक्ष' गटातून 'समाधानकारक' आणि तिथून 'अनुकरणीय' गटात झेप घेतली. दुधाच्या डागाकडे बोट दाखवून सर वर्गाला म्हणाले, "ही निरोगी पानाची खूण." वर्गानं ते वहीत लिहून घेतलं. ज्यांची रोपं अजून खरी होती त्यांची नावं एकेक करत कमी झाली. सातव्या शनिवारी सभागृहात एवढी टवटवी होती, की एक माशी फिरकली तेव्हा सगळे दचकले. सरांनी अहवालात नोंद केली: मर शून्य टक्के, कीड शून्य टक्के, माती शून्य ग्रॅम.

इकडे खिडकीत, कुणी बघत नव्हतं म्हणून असेल, खऱ्या घेवड्याला नवं पान फुटलं. मग दोन. मग पांढरी, भाताच्या दाण्याएवढी एक कळी आली. ठकीच्या आईनं ती सकाळी दात घासताना पाहिली आणि तोंडात फेस तसाच ठेवून ती सगळ्या घराला उठवत सुटली.

समारंभ बागेतच होता. चाळीस वाफ्यांपुढे मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक. ठकीच्या आईनं पिशवीत डबा आणला होता. वाटपाच्या यादीवर सही झाली, की त्याच पावली चौदा नंबरच्या वाफ्यात तो रिकामा करायचा आणि कळीला जमीन दाखवायची. प्रमाणपत्र हातात आलं. यादी अजून टेबलावर होती, सरांचं पेन तिच्यावर आडवं पडलेलं होतं.

"आता एक प्रात्यक्षिक," सर म्हणाले. "आपली सर्वांत छोटी बागकार! ये बाळा, वर ये. आईचं रोप घे आणि दाखव सगळ्यांना, मूळ कसं मोजायचं."

कापडी घेवडा आईच्या मांडीवर होता. ठकीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. तिला चांगलं ठाऊक होतं, की ते तिचं झबलं आहे. ती खुर्चीखाली वाकली, तिनं पिशवीतला डबा काढला आणि तो पोटाशी धरून पायऱ्या चढू लागली.

आई अर्धी उठली. एक हाक पुरली असती. पण हाक मारून सांगायचं काय? 'ठके, ते नको, ते खरं आहे'? पहिल्या रांगेत उद्यान अधिकारी बसले होते. यादीवर सही व्हायची होती. पोस्टमास्तर आपल्या झिनियाकडे खाली मान घालून बघत होते. ती पुन्हा बसली. वाटलं, सर थांबवतील. वाटलं, माती बघून तरी थांबवतील.

ठकीनं डबा टेबलावर ठेवला, रोपाला मुठीत धरलं आणि एका दमात, सरळ वर ओढलं. माती झटकली. सरांनी शिकवलं होतं तशी पट्टी लावली. जीभ बाहेर काढून, एकाग्र होऊन तिनं वाचलं. मग ध्वनिक्षेपकातून तिचा बारीक आवाज साऱ्या बागेत घुमला.

"आई, याचं छोटं झालं गं. खुलासा लिही ना."

काय हशा पिकला! काय टाळ्या पडल्या! चार वर्षांची पोर आणि 'खुलासा' म्हणते! उद्यान अधिकाऱ्यांनी डोळे टिपले. सरांनी यादीवर सही केली. ठकी एका हातात पट्टी आणि दुसऱ्या हातात लोंबणारं रोप घेऊन उभी होती आणि गर्दीत आईला शोधत होती. आईच्या हातात प्रमाणपत्र होतं आणि तिचे हात टाळ्या वाजवत होते.

तुम्हीही वाजवल्यात. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसला होतात; मांडीवर तुमचं लेकरू पेंगत होतं. तुम्ही त्याला हलवून जागं केलंत, "बघ, ताई कशी हुशार आहे," म्हणालात. आणि निघताना, मुलांची तुकडी आहे का, तिची नावनोंदणी कुठे होते आणि किती लहान असलेलं चालतं, हे त्या खिडकीशी जाऊन विचारणाऱ्यांत तुमचा नंबर पहिला होता.