खाडीच्या वाऱ्याचा दावा

श्रीदर्यादेवता साक्ष. ज्या राज्याचें नांव लिहिण्याची आज्ञा नाहीं, त्या राज्यांत शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरापासोन जें वर्तमान जाहलें, तें जैसें पाहिलें व ऐकिलें तैसें लिहितों.

ते समयीं समुद्रापलीकडील थोरल्या कंपनीचा अंमल सर्वत्र बसला होता. फौज नाहीं, किल्ला नाहीं, परंतु रयतेच्या हातोहातीं जो मोबाईल, त्यांतील बाजार कंपनीचा; आणि त्या बाजारांत कोणाचें दुकान पुढें मांडावें व कोणाचें मागें लोटावें, हें कंपनीच ठरवी. तशांत किनाऱ्यावर हरेश्वर तांडेल म्हणोन कोळियाचे पुत्र, गणितविद्येंत प्रवीण, यांणीं 'वाराखबर' नामें ॲप सिद्ध केलें. खाडीच्या तोंडाशीं वारा केव्हां फिरेल हें तें आगाऊ सांगे, आणि नाखवे तें पाहोन मगच होड्या लोटीत. कंपनीनें तें विकत मागितलें. हरेश्वर बोलिले, "विकावयाचें नाहीं." मग कंपनीनें आपलें हवामानाचें ॲप प्रत्येक नव्या मोबाईलांत आधींच घालोन दिलें आणि वाराखबर ऐसें मागें टाकिलें कीं शोधूं जातां सांपडेना. कंपनीच्या ॲपास भर समुद्राचा वारा कळे, खाडीचा कळेना. कार्तिकांत एके सकाळीं त्यानें 'वारा शांत' म्हणोन सांगितलें, आणि परततां खाडीमुखीं वावटळ उठोन होडी उलटली, आणि जानकी नाखवीण इचे पति धर्माजी बुडोन मृत्यु पावले. हरेश्वरांनीं ती वावटळ येणार हें जाणिलें होतें, फोनही केले, परंतु धर्माजी आधींच खाडीबाहेर, फोन लागेना ऐसे ठायीं गेले होते. तें दुःख हरेश्वरांस सोसवेना. मग राजधानीस जाऊन न्यायसभेंत कंपनीवर दावा लाविला.

बाजारांत कोणी एकट्यानें मक्ता करूं नये, हें पाहणें त्या न्यायसभेचें काम. आणि तिच्या मुख्य मथुराबाई राजाध्यक्ष, मितभाषी, परंतु धरिलें तें सोडणाऱ्या नव्हत्या. कंपनीचे वकील उभे राहोन बोलिले, "लोकांस जें आवडतें तें आम्ही पुढें ठेवितों." बाई बोलिल्या, "आवडनिवड करावयास दोन वस्तु समोर लागतात. दुसरी तुम्हीं दिसूं कोठें दिली?"

हें वर्तमान समुद्रापार गेलें. तेथील अधिपतींस राग आला, आणि त्यांचा निरोप आला कीं, आमच्या कंपनीस दंडाल तर तुमची कोळंबी आमच्या बंदरांत उतरूं देणार नाहीं. कोळंबी सोलोनच किनाऱ्याच्या बायकांचा संसार चाले. मग प्रधान त्रिंबकराव यांणीं बाईंस बोलावून आणिलें आणि म्हणाले, "निकाल लांबवा. किनाऱ्याच्या चुली विझतील." बाई म्हणाल्या, "तें मीही जाणतें. परंतु आज लांबविला, तर पुढें प्रत्येक निकाल परमुलखास विचारोनच द्यावा लागेल." प्रधान म्हणाले, "मग तुमची खुर्ची माझ्यानें राखवणार नाहीं." बाई उठल्या आणि म्हणाल्या, "राखूं नका."

तथापि बाईंच्या चित्तास स्वस्थता नव्हती. त्यांणीं हरेश्वरांस व जानकीस बोलावून सर्व सांगितलें. हरेश्वर रडकुंडीस येऊन म्हणाले, "बाईसाहेब, माझ्यापायीं सारें बंदर उपाशी पडेल. दावा मागें घेतों." तों जानकी उसळली. "तू घेशील रं मागं! माझा घरवाला कुणी द्यावा मागं? कोळंबी या मुलखात न्हाय गेली त दुसऱ्या मुलखात जाईल. आमी कळ काढू. बाय, तुमी लिवा काय लिवायचा तो." बाईंनीं तिचा हात हातीं घेतला, आणि बराच वेळ सोडला नाहीं.

मग निकाल जाहला कीं, कंपनीनें आपलें ॲप आणि परक्याचें, वाऱ्याचें असो कीं दुसरें कसलेंही, एके पंक्तीस मांडावें. त्याच सप्ताहीं कोळंबी अडली, बर्फाचे कारखाने बंद पडले, आणि ज्या बायका जानकीसंगें सोलावयास बसत त्याच तिला पाहोन तोंड फिरवूं लागल्या. हरेश्वरांचे दारावर दगड पडले. मथुराबाईंस न्यायसभेंतून काढोन जुन्या दप्तरांच्या कोठींत बसविलें. मग उभय राज्यांचा तह जाहला. कोळंबी सुटली, आणि बाईंचा निकाल बहुतेक रद्द जाहला; नकाशे, बातम्या, खरेदीविक्री, सर्व कंपनीकडेच राहिलें. फक्त किनाऱ्यावरील वाऱ्याची खबर कंपनीनें मोकळी सोडिली. त्यांत तिला लाभ तो काय, म्हणोन सोडिली. हरेश्वरांस हें कळलें तेव्हां ते बाईंचे भेटीस आले आणि बोलिले, "इतकें करून एवढेंच हातीं आलें." बाई म्हणाल्या, "एवढें तरी नीट चालवा."

पुढील वर्षीं भाद्रपदांत भर दुपारीं आकाश निरभ्र असतां वाराखबरेनें हांक दिली, आणि ज्यांणीं दगड मारिले त्यांणींही जाळीं ओढोन होड्या माघारीं फिरविल्या, आणि मागाहोन जें तुफान आलें त्यानें धक्क्याची भिंत नेली. जानकी धक्क्यावर उभी होती. एकेक होडी लागतां ती नाखव्याचें नांव घेऊन हांक मारी, आणि होडींतून ओ येई.

येणेंप्रमाणें हकीकत. कंपनी होती तैसीच थोर आहे, प्रधान आपले जागीं आहेत, मथुराबाई दप्तरांत आहेत. राज्य जिंकिलें कीं हरलें, हें लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. त्या दिवशीं सर्व माणसें घरीं आलीं, इतकें खरें.