कार्डातला चांदोबा

वलवणला आमच्या शेजारी राहणाऱ्या आबांचा चांदोबा दाढी करायचा. त्याला पडसं व्हायचं. एकदा तर त्याच्या घरातलं भाकरीचं पीठ संपलं होतं. हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं आहे, म्हणून खात्रीने सांगते.

मी चौथी शिकलेली. चार माणसांत तोंड उघडत नाही, पण अक्षर बरं आहे. म्हणून आबा महिन्यातून एकदा दुपारी कोरं कार्ड घेऊन यायचे, उंबऱ्याशी बसून मांडीवर दोरी वळायचे आणि म्हणायचे, "लिव गं बाय." कार्ड जायचं परंदवडीला, त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, सखूला. तिलाही वाचता येत नव्हतं. तिथले मास्तर ते तिच्या सासऱ्याच्या ओट्यावर साऱ्या भावकीपुढे मोठ्याने वाचायचे.

"लिव, मी खुशाल हाये. म्हस खुशाल हाये. चांदोबा जरा वाळलाय. चूल पेटवायचा कटाळा करतो."

"आबा, आज अमावस्या. चंद्र नाहीच आकाशात."

"न्हाई कसा? गुडघा दुखतोय, म्हनून घरात बसलाय. लिव."

मी मनात हसायचे. परंदवडीला तर उघड हसायचे म्हणे.

एकदा आबांनी सगळ्या पाहुण्यांना रामराम सांगत कार्ड भरत आणलं. खाली बोटभर जागा उरली. शाळेत शिकवलेलं 'कळावे, लोभ असावा' मला तिथे बसवायचं होतं. चांदोबाला खोकला झाला होता, तेवढा मी गाळला. वाचून दाखवताना मात्र तोंडाने घातला.

चौथ्या दिवशी दुपारी सखू दारात. तळेगावहून गाडीने आलेली, लोणावळ्याच्या स्टेशनापासून अनवाणी धावलेली. आबांच्या दाराला कडी बघून तिने माझा हातच धरला.

"वयनी, आबा कुटं हायती? हायती न्हवं?"

"म्हशीला पाणी पाजायला गेलेत. का गं?"

"कार्डात चांदोबा न्हवता."

ती मटकन पायरीवर बसली. "समद्यांपुढं 'मला करमत न्हाई' कसं सांगत्याल? टोमनं मला बसत्यात. म्हनून आपलं दुखनं चांदोबाच्या नावावर लिवत्यात. चांदोबाच न्हाई म्हटल्यावर मला वाटलं..."

ती पदराने पायांवरची धूळ पुसू लागली. मला चांदोबाचं ते संपलेलं पीठ आठवलं. त्या महिन्यात आमचा डबा भरलेला होता. दोन्ही घरांच्या मध्ये नुसता एक कूड.

सखू तीन दिवस राहिली. तीन दिवस आबांचा आवाज आमच्या चुलीपर्यंत येत होता. मग ती गेली.

पुढच्या महिन्यात आबा कार्ड घेऊन आले. दोरी वळता वळता थांबले.

"ह्या टायमाला बी चांदोबा इसरलीस तर?"

मी मान खाली घालून टाक शाईत बुडवला.

"नगं," तेच म्हणाले. "अनवाणी पळती पोर. लिव, चांदोबा पोटभर जेवतो."

मी लिहिलं. मग आत जाऊन त्यांच्यासाठी ताट वाढून आणलं. माझ्या हातचं लिहिलेलं खोटं पडायला नको.