थोरल्या वहीची हकीकत

श्री गजवदन प्रसन्न. ज्याने आपुला दात मोडून लेखणी केली, परंतु समजल्याविना एक अक्षर लिहिले नाही, त्या गणराजास दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघमासी स्वामींनी सेवकास पुसिले की, विद्यालयी जे पढविती ते पुढे चाकरीत कामास येते की नाही, हे यथास्थित लिहून धाडणे. त्यास वर्तमान घडले ते ऐसे जे,

एका राज्यात, कोणत्या ते पुसू नये, उत्तरेकडील पेठेस पाणी पुरेना म्हणून दिवाणसाहेबांची आज्ञा जाहली की सहा खांबांवरी थोर जलकुंभ उभारावा. आणि सहाही खांब उभे राहिले, आणि वर कुंभ ओतावयाचा दिवस नेमिला, आणि त्या कामावर मंजुळा पाथरवट नामे एक कन्या होती. वय बावीस. तंत्रशाळेत तीन वर्षे बांधकामविद्या पढून आलेली. चाकरी सहा महिने उमेदवारीची. थोरले अभियंते केंजळेराव यांनी शेवटी बरा शेरा लिहावा तर कायम व्हावे, नाही तर घरी जावे. आणि घरी आई उठताबसता म्हणे, "तीन वर्षं शिकलीस, आणि मिक्सर बिघडला की माझ्याच तोंडाकडं बघतीस." यामुळे मंजुळेस सहा महिने एके जागी बैसणे म्हणून ठाऊक नव्हते. बैसावे तो उठावे, उठावे तो खांबांभोवती फेरा घालावा. पाय आपले चालतच, जैसे नव्याने दावणीस बांधलेल्या वासराचे. सूत्रे पाठ होती, ती ओठांवर येत आणि कोणी पुसेना म्हणून माघारी जात.

आता उमेदवारीचे चार दिवस उरले आणि कुंभ ओतावयास एक, त्या सकाळी केंजळेरावांनी तीस बोलाविले, आणि एक तक्ता पुढे सारून म्हणाले, "ठोकळ्यांचे आकडे भरलेत. तपासणाऱ्याच्या रकान्यात सही ठोका, म्हणजे उद्या ओतायला मोकळे." ठोकळ्यांची रीत ऐसी की, खांब ओतताना त्याच काँक्रीटचे वीतभर ठोकळे, दर खांबास तीन, साच्यात घालावे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवावे, मग यंत्रात दाबून फोडावे. साडेपाचशेहून कमी भारास जो फुटेल त्याचा खांब कच्चा. मंजुळेने लेखणी उचलिली आणि तक्ता वाचू लागली. पहिला सहाशे बारा. दुसरा पाचशे अठ्ठ्याण्णव. तिसरा सहाशे एकतीस. पुढला आकडा पानाच्या पाठीमागे होता, परंतु पान उलटण्याआधीच तिचे मुखातून निघाले, "चौथा सहाशे सात."

केंजळेराव चमकले. "तुम्हाला कसं कळलं?"

त्याचे मूळ ऐसे. तंत्रशाळेत ठोकळे फोडावयाचे यंत्र होते, म्हणजे ठेविलेले होते. त्यावर चादर असे, दसऱ्यास हार पडे, आणि एरवी चहाचे कप. कोणे काळी बिघडले ते कोणास स्मरत नव्हते. मग प्रयोग कैसा करावा? तर एक तपकिरी पुठ्ठ्याची वही होती, तिला मुले थोरली वही म्हणत. जाणाऱ्यांनी ती येणाऱ्यांस द्यावी, आणि येणाऱ्यांनी तीतले आकडे आपुल्या जर्नलात उतरावे, आणि मास्तरांनी खाली तांबडी खूण करावी, ऐसा संप्रदाय चालत आला. मंजुळेचे जर्नल तर समास आखला नाही म्हणून दोन वेळा माघारी आले, आणि तिने तीन वेळा उतरिले, आणि ते आकडे अंगाईसारखे तिचे अंगात भिनले.

"कुठल्या तंत्रशाळेच्या तुम्ही?" केंजळेरावांनी पुसिले, आणि नाव ऐकताच टेबलावर थाप मारून हसले. "अहो, मग तुम्ही घरच्याच निघालात! वहीचा तो कोपरा उंदरानं खाल्लेलाच आहे ना अजून?"

"आहे सर. म्हणून पाचवा आकडा ज्याचा त्यानं घालायचा."

"मी सहाशे वीस घालतो."

"मीही तोच घातला होता."

"बघा! लोक उगाच बोंब मारतात, कॉलेजात शिकलेलं कामाला येत नाही म्हणून. मला ती एक वही बावीस वर्षं पुरली. करा सही."

मंजुळाही हसली. आणि हसता हसता तिने लेखणी तक्त्यावर आडवी ठेविली. खिडकीबाहेर पारू नामे मजुरीण तिसऱ्या खांबास झोळी बांधून लेकीस हालवीत होती, आणि गात होती,

खांबाला बांधिली झोळी, झोळीत निजे माझी मैना
वारा हालवितो दोरी, खांब बाई हालेना

मंजुळा उठली. बैसली. पुन्हा उठली आणि म्हणाली, "सर, ठोकळे हौदात आहेत. फोडू या का?"

"आणि कच्चे निघाले तर? उद्या दिवाणसाहेब नारळ फोडायला येणार आहेत. त्यांना काय सांगू, नारळ परत न्या? तुमचा शेरा मीच लिहायचाय, हे विसरू नका."

"विसरले नाही सर. पण सही माझी मागताय तुम्ही."

केंजळेराव संतापले आणि म्हणाले, "फोडा. मीही बघतो." मग मंजुळा यंत्राच्या खोलीत गेली. ते यंत्र खात्याने नवे कोरे धाडिले होते, परंतु चालविणारा धाडावयाचा राहिला होता. पारू हौदातून ठोकळे वाहू लागली आणि म्हणाली, "बाई, एवढं शिकून तुमास्नी बी दगुडच फोडायला लावलं व्हय?" मंजुळेस हसू आले आणि रडूही आले, कारण तीन वर्षे पढून कोणता दांडा ओढावा हे तीस ठाऊक नव्हते. यंत्रास लाविलेली पाटी बोट ठेवून वाचिली, आणि पहिल्या खांबाचा ठोकळा ठेविला, आणि दांडा ओढिला. काटा चढला, आणि तीनशे चाळीसवर ठोकळा एका अंगाने ढासळला. केंजळेराव दारातून म्हणाले, "झालं समाधान? हाच खरा आकडा म्हणायचा का आता?"

मंजुळा खाली बैसली. अंगातून वारे निघून गेले. आणि बैसल्या बैसल्या तिचा हात मांडीवर आपोआप काही लिहू लागला. थोरल्या वहीत आकड्यांखाली 'खबरदारी' म्हणून पाच ओळी असत, त्याही तिने तीन वेळा उतरिल्या होत्या, आणि त्यांतली चौथी होती, 'ठोकळ्याची थापी मारलेली बाजू यंत्राच्या दाबाखाली ठेवू नये.' तिन्ही वेळा ती ओळ हातातून गेली, डोक्यातून गेली नव्हती. आता तिने दुसऱ्या ठोकळ्यावर तळवा फिरविला. साच्याकडील बाजू काचेसारखी, आणि थापीची, म्हणजे साच्याच्या उघड्या तोंडाची बाजू खडबडीत, उंचसखल. "अगं बाई," ती म्हणाली, "ही होय ती बाजू!" आणि ठोकळा आडवा करून ठेविला, आणि दांडा ओढिला. पाचशे एक्क्याऐंशी. तिसरा पाचशे चौऱ्याण्णव. आणि दुसऱ्या खांबाचे तिन्ही चांगले निघाले, आणि केंजळेराव जरा सैल होऊन म्हणाले, "म्हटलं नव्हतं मी?" मग तिसऱ्या खांबाचे आले. तीनशे एक्क्याण्णव. चारशे दोन. तीनशे अठ्ठ्याऐंशी. मंजुळेने प्रत्येक वेळी ठोकळ्याची बाजू दोनदा चाचपली होती. पारूस आकडे कळत नव्हते, तोंडे कळत होती. ती खांद्यावरचे ओझे टाकून धावत गेली, आणि तिसऱ्या खांबाची झोळी सोडिली, आणि लेक छातीशी धरून दूर उभी राहिली.

दिवस कलेपर्यंत उरल्या तीन खांबांचे ठोकळे फोडिले. ते सारे पक्के निघाले. कच्चा तो एकच. मंजुळेने नवा तक्ता केला, वाया गेलेला ठोकळाही 'माझी चूक' ऐसे लिहून त्यात मांडिला, आणि सही करून पुढे ठेविला. केंजळेराव उपड्या घमेल्यावर बैसले होते. ते तक्ता पाहीनात. बोटांवर काही मोजीत होते, आणि मध्येच थांबत, आणि पुन्हा पहिल्या बोटापासून आरंभ करीत. "रामपेठेचा पूल," ते म्हणाले. "कन्याशाळेचा वरचा मजला. धर्मशाळा. बाजाराचं छत." मग म्हणाले, "पोरी, या सगळ्यांना मी सहाशे बारा लिहिलंय."

मग केंजळेरावांनी तिचे सहीखाली आपुली सही केली, आणि तिसरा खांब उतरवून नवा ओतल्याविना कुंभ ओतू नये, ऐसे दिवाणसाहेबांस पत्र लिहिले, आणि पत्र जाताच चाकरीचे काय होईल याचा घोर त्यांचे मुद्रेवर उमटला. तरी ते उठले, आणि यंत्रापाशी गेले, आणि दांड्यास हात लावून लाजल्यासारखे उभे राहिले. "आमच्या वेळीही तंत्रशाळेतल्या त्या यंत्रावर चादरच होती," ते म्हणाले. "कसं चालवायचं, एकदा दाखवा."

तिने दाखविले.

चौथे दिवशी शेरा लिहिला गेला. त्यात विद्या, बुद्धी, शिस्त यांचे रकाने कोरे होते, आणि खाली एकच ओळ होती: यांस यंत्र चालविता येते, आम्हांस यांनी शिकविले.

सारांश, स्वामींनी पुसिले त्याचे उत्तर सेवकास इतुकेच देता येते की, ज्या वहीने बावीस वर्षे लबाडी शिकविली तीतच खरी एक ओळही होती, आणि दोन्ही एकाच शाईने उतरिल्या होत्या. मंजुळाबाई कायम जाहल्या. केंजळेरावांची चौकशी चालली आहे, आणि ते रोज सकाळी रामपेठेच्या पुलाखाली जाऊन उभे राहतात. हे विदित व्हावे.