तीनदा चुकल्यावर उघडणारं पान

आमचे मुनीरसर कॉम्प्युटरचं बटण दाबायच्या आधी तुरी मोजतात. लातुरातले डाळ मिलवालेसुद्धा पोती तोलून मोकळे होतात. सर दाणा न् दाणा मोजतात. टेबलावर दोन वाट्या. अभ्यासक्रमाचं एक पान म्हणजे एक दाणा. पान नव्या जागी सुखरूप पोचलं की दाणा या वाटीतून त्या वाटीत.

"मशीन खाऊन राहिली, बिराजदार," ते मला सांगतात, "अन् ढेकर बी देत न्हाई."

इतका भित्रा माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नाही. प्रिंटर सुरू झाला की ते दोन पावलं मागं सरतात. लिफ्टमध्ये शिरताना चपला बाहेर काढून ठेवतात. आत अडकलो तर कुणाला तरी कळेल म्हणे. एकदा अपडेट आलं म्हणून त्यांनी अख्खा विभाग ग्राउंडवर नेऊन उभा केला होता. आणि आम्ही उभे राहिलो, हे त्याहून विशेष.

जगात कुणीतरी भला माणूस गणिताचा अख्खा अभ्यासक्रम लिहितो आणि म्हणतो, घ्या, बदला, वाटा. सरांनी तसा एक घेतला, मराठीत आणला, त्यात उदगीरच्या एसटीचा वेग नि विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी घातलं. चारशे बारा पानं. सहा वर्षं पोरं त्याच्यावर शिकली. मग कॉलेजनं नवा ऑनलाइन वर्ग घेतला. जुनी पानं त्याला चालेनात. एका सॉफ्टवेअरनं त्यांचं रूप बदलून ती नव्या वर्गात न्यायचं ठरलं. प्राचार्यांनी फर्मान काढलं: शुक्रवारी पाचला जुना सर्व्हर पुसणार. राहिलं ते गेलं.

सरांच्या मदतीला मी होतो. शुक्रवारी सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं. चारशे अकरा पानं आली. एक दाणा उरला.

सरांनी तो दाणा तळहातावर घेतला. उलटसुलट करून बघितला आणि परत वाटीत ठेवला. पुन्हा सगळं केलं. पुन्हा एक उरला. तिसऱ्यांदाही तेच. तोवर चार वाजले होते, माझा डबा सकाळपासून बंद होता आणि माझ्या डोळ्यांपुढं तुरीचं शेत डोलत होतं. सर असरच्या नमाजाला गेले. मी आजूबाजूला पाहिलं आणि बोटानं तो दाणा हळूच दुसऱ्या वाटीत ढकलला.

सर परतले. रिकामी वाटी बघून खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. वीस वर्षांत त्यांचे खांदे खाली आलेले मी पहिल्यांदा पाहिले. मला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. भिंतीवरचा काटा पुढं पळत होता, आणि कुठलं तरी पान तिकडं पुसलं जायची वाट बघत होतं. ते कुठलं, हे मलाही ठाऊक नव्हतं. सरांची सगळी भीती त्यांच्या अंगातून निघून माझ्या अंगात येऊन बसली.

पाचला वीस मिनिटं असताना मी बोललो. "सर, तो दाणा मी ढकललाय."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एक दाणा उचलून रिकाम्या वाटीत परत टाकला.

मी घाईघाईनं सुचेल ते सांगत सुटलो, की हे सॉफ्टवेअर अनुक्रमणिकेत असलेलीच पानं उचलतं, यादीबाहेरचं पान त्याला दिसतच नाही. सर एकदम उठले.

"यादीबाहेर मीच ठेवलं हुतं," ते म्हणाले. "प्राचार्यांना दिसू नये म्हणून."

त्यांनी जुन्या सर्व्हरवरून ते पान हातानं उचललं, नव्या वर्गात ठेवलं, प्रश्नांशी दुवा जोडला. पाचला सात मिनिटं होती. एकच प्रश्न तीनदा चुकला तरच ते उघडतं, म्हणून तपासायला त्यांनी मला बसवलं. चुकायचं मला शिकवावं लागलं नाही. तिसऱ्या चुकीला पडद्यावर मजकूर आला:

"तीनदा चुकलं ना? मीपण इथंच अडकलो होतो. नापास झालो तेव्हा अकरा दिवस खोलीबाहेर आलो नाही. कुणी दार वाजवलं नाही. म्हणून मी वाजवतोय. जेवलास का? जेवलीस का? नसेल तर आधी जेव. मग मला फोन कर. गणित नंतर बघू."

खाली सरांचा नंबर.

निकालावर जगणाऱ्या क्लासेसच्या या गावात असलं पान चारचौघांत का ठेवलं नाही, हे मी विचारलं नाही. एवढंच विचारलं, की कुणी फोन करतं का.

"सात जणांनी केला," सर म्हणाले. "सातही चांगले हायत. एक पोरगी अजून करते. नांदेडला नोकरीला हाय आता. रोज दुपारी विचारते, सर, तुम्ही जेवलात का?"

पाच वाजले. जुना सर्व्हर गेला.

"मग काय सांगता तिला?"

"हाव म्हणतो," सर पडद्याकडं बघत म्हणाले. "एकट्यापुरतं कोण रांधतंय, बिराजदार. पण न्हाई म्हणलं, तर पोरगी घाबरंल."