इंजिनापासून सोळावा डबा

सासूबाईंना उतरवून घ्यायला पनवेल स्टेशनवर गेलेल्या सत्यजीतने एक अगदी छोटा निर्णय घेतला. आधी इंजिन, मग सासूबाई.

ऐकायला वाटतो तितका हा निर्णय वाईट नव्हता. त्यामागे गणित होतं. गाडी पनवेलला पाच मिनिटं थांबते. सासूबाईंचा डबा एस-तीन, म्हणजे इंजिनापासून सोळावा. एक डबा चोवीस मीटरचा. तेवढं अंतर पळायला, वाटेतले हमाल, सुटकेसा आणि कारण नसताना मध्येच उभे राहणारे लोक धरून, अडीच मिनिटं. इंजिनाचा व्हिडिओ दीड मिनिटाचा. उरलं एक मिनिट, ते सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. (त्या गुडघ्यांचा इतका बारीक विचार त्यांच्या डॉक्टरनेही केला नसेल, असं सत्यजीतला मनापासून वाटत होतं.)

आता सत्यजीत म्हणजे काही बेजबाबदार माणूस नव्हे. न्हावा शेव्याला एका शिपिंग कंपनीत तो कंटेनरांच्या कागदपत्रांचं काम करतो. कुठल्या देशातून निघालेली कुठली पेटी आता कुठे आहे, हे दिवसभर सांगत बसायचं. आठ वर्षांत त्याच्या हातून एकही पेटी हरवलेली नाही. पण ऑफिसचं काम वेगळं आणि जीव लावणं वेगळं. सत्यजीतचा जीव होता रेल्वेत, आणि रेल्वेवर जीव असलेल्या माणसाला आपल्याकडे लोक सरळ रिकामटेकडा म्हणतात. क्रिकेटचे आकडे पाठ असलेला माणूस हुशार, आणि इंजिनांचे नंबर पाठ असलेला वेडा. हा न्याय कुणी ठरवला कोण जाणे.

तर स्टेशनवर जाण्याच्या आदल्या संध्याकाळी, बुधवारी, चारुताशी त्याचा करार झाला होता. चारुता म्हणजे त्याची बायको. ती शांतपणे भाजी निवडत बसली होती, तेव्हा त्याने विषय काढला.

"रविवारी आम्ही शेड बघायला जातोय. डिझेल इंजिनांची. आतून. तीन वर्षं अर्ज करत होतो, आत्ता परवानगी मिळाली. आठच नावं आहेत. त्यात माझं आहे."

"रविवारी आईला महडला न्यायचंय."

"देव रोज असतो गं तिथे."

"इंजिनंही रोज असतात." तिने एक शेंग मोडली. "बरं, ऐक. उद्या मला घरून मीटिंग आहे, उठता यायचं नाही. आईला तू आण. डब्याच्या दारापासून घराच्या दारापर्यंत, नीट. मग रविवार तुझा. महडला मी एकटी नेईन तिला."

"एवढंच?"

"एवढंच. लोक रोज करतात."

गुरुवारी सकाळी दहाला ग्रुपवर बातमी आली आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

'पनवेल जंक्शन' हा त्यांचा ग्रुप. त्रेसष्ट सभासद. कुणी बँकेत, कुणी कॉलेजात, कुणी खारघरला कॉल सेंटरमध्ये. दिवसभर गप्पा चालतात. कुणाला रजा मिळाली, कुणाची बदली झाली, कुठल्या स्टेशनावरची भजी बिघडली. दुपारी तीनच्या सुमाराला कुणीतरी हमखास लिहितो, 'झोप येतेय, एखाद्या मालगाडीचा फोटो टाका.' ग्रुपचा प्रमुख हसन. त्याचं बाजारात हार्डवेअरचं दुकान. त्याची बायको सुरैय्या माहेराहून आली, की तो तिला आधी विचारतो गाडीला इंजिन कुठलं होतं, आणि मग विचारतो तू कशी आहेस. सुरैय्याही आता इतकी तयार झाली आहे, की उतरल्या उतरल्या आधी नंबर सांगून टाकते आणि मोकळी होते.

तर बातमी अशी, की मार्गावर विजेच्या तारांचं काम असल्यामुळे कोकणातून येणाऱ्या त्या दिवशीच्या गाडीला मध्येच कुठेतरी डिझेल इंजिन लावलं होतं. तेही साधं नव्हे. जुनं अल्को. घुमत घुमत चालणारं, सुटताना काळ्या धुराचा खांब उभा करणारं. या मार्गावर आता सगळी विजेची इंजिनं धावतात. अल्को दिसणं म्हणजे पाहुण्यांच्या गर्दीत अचानक शाळेतला मित्र भेटणं.

आणि ती गाडी नेमकी सासूबाईंची होती.

"नसीब बघ सत्या," हसन दुकान नोकरावर टाकून फलाटावर आला होता. "सासू आणि अल्को, एकाच गाडीने."

"मला सासूबाईंनाही घ्यायचंय हसन."

"घे ना. अल्लाहने पाच मिनिटं दिलीत."

बारा वाजायला पंधरा मिनिटं असताना गाडी आली. लांबूनच तो आवाज आला, आणि सत्यजीतच्या अंगावर काटा उभा राहिला. फोन दोन्ही हातांत धरून तो फलाटाच्या पार टोकाला उभा होता. इंजिन त्याच्या समोर येऊन थांबलं. ड्रायव्हरने हात केला. सत्यजीतने, फोन न हलवता, फक्त हनुवटीने नमस्कार केला.

एक मिनिट झालं. कुणीतरी बाई पिशव्या घेऊन मध्ये आल्या.

"काकू, जरा डावीकडे सरका, नंबर झाकला जातोय," स्क्रीनवरची नजर न काढता सत्यजीत म्हणाला. काकू डावीकडे सरकल्या. पुन्हा काहीतरी पुटपुटल्या. लोकांना चौकशीची खिडकी असते हे माहीतच नसतं, असा विचार करून त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. ठरल्याप्रमाणे दीड मिनिटाला व्हिडिओ बंद केला, आणि ठरल्याप्रमाणे धावत सुटला.

सोळावा डबा त्याने अडीच मिनिटांत गाठला. त्याच्या गणितात एका सेकंदाची चूक नव्हती. फक्त एस-तीनच्या दारात सासूबाई नव्हत्या. आतही नव्हत्या. त्यांच्या जागेवर एक गृहस्थ पाय पसरून झोपले होते. त्यांना उठवून "आमच्या सासूबाई कुठे आहेत," असं विचारेपर्यंत गाडी हलली, आणि सत्यजीतला उडी मारावी लागली.

"उतरल्याच नाहीत," तो हसनला म्हणाला. "कुठेतरी बाथरूममध्ये असतील. गेल्या पुढे, ठाण्याला."

त्याने फोन लावला. सासूबाईंचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. त्याने पुन्हा लावला. अकरा वेळा लावला. रविवार, शेड, तीन वर्षांचे अर्ज, सगळं त्या रिंगबरोबर वाजून वाजून बंद होत होतं.

"घाबरू नकोस," हसन म्हणाला. "आपला ग्रुप कशासाठी आहे? लाइनीवर आपली माणसं आहेत." आणि त्याने संदेश टाकला. सत्याच्या सासूबाई गाडीत राहिल्या आहेत. एस-तीन. ठाण्याच्या आत शोधा.

ग्रुप कामाला लागला. दोन मिनिटांत इतके संदेश आले, की सत्यजीतला भरून आलं. (जग वाईट आहे म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या ग्रुपवर यावं, असं तो हसनला म्हणालासुद्धा.)

ठाण्याच्या वाटेवर निळज्याला ग्रुपमधल्या अविनाशच्या गॅलरीसमोरून रूळ जातात. बारा वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "पास झाली. सहा मिनिटं लेट. हॉर्न दोनदा दिला. मागून पाचव्या डब्याचं चाक खडखडतंय."

"एस-तीनच्या खिडकीत कुणी दिसलं का? साठीच्या बाई, चष्मा?"

"सत्या, अल्को समोरून जात असताना खिडक्या कोण बघतं?"

हे अगदीच खरं होतं.

तेवढ्यात चारुताचा फोन आला.

"आई भेटली?"

"हो, भेटल्या ना," सत्यजीत म्हणाला. हे त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं.

"काय म्हणतेय?"

"प्रवास छान झाला म्हणतायत."

"दे बघू फोन तिला."

"त्या पाणी पितायत."

"इतका वेळ?"

"प्रवासात तहान फार लागते."

"बरं. पिऊन झालं की ये घेऊन. सावकाश या." चारुताचा आवाज इतका गोड होता, की सहा वर्षांच्या संसारानंतर निदान त्या एका गोष्टीवरून तरी सत्यजीतला शंका यायला हवी होती.

"यार, साफ खोटं बोललास," हसन म्हणाला.

"तात्पुरतं. ठाण्याला सापडल्या की आपोआप खरं होईल."

ठाण्याला निशा होती. ती ग्रुपमधली सगळ्यात लहान, कॉलेजचा तास बुडवून फलाटावर गेली होती. पाऊण वाजता तिचा संदेश आला. 'दादा, काम झालं. एकवीसच्या एकवीस डबे शूट केले.'

'एस-तीनमधून कोण उतरलं?'

'ते नाही बघितलं. तेव्हा मी पुन्हा पुढे पळाले. सुटताना धूर काय आला दादा, बघाच.'

एरवी माणूस अशा वेळी देवाचं नाव घेतो. सत्यजीतने फलाटावरच्या बाकावर बसून आपला व्हिडिओ ग्रुपवर टाकला. निदान दिवसातलं काहीतरी चांगलं व्हावं एवढाच हेतू. लगेच त्रेसष्ट जण त्यावर तुटून पडले. इंजिन कुठल्या शेडचं आहे यावर वाद सुरू झाला.

निशाने लिहिलं, 'शेडचं नाव दिसतच नाही. एक मिनिट बारा सेकंदांवर एक काकू मध्ये आल्यात. हिरवी साडी, तीन पिशव्या.'

आदिलने लिहिलं, 'काकू पुसून टाकता येतील. माझ्याकडे ॲप आहे.'

मग अविनाशने लिहिलं, 'आवाज वाढवून ऐका. काकू काहीतरी बोलतायत.'

सत्यजीतने आवाज वाढवला. त्याने आणि हसनने फोनला दोन बाजूंनी कान लावले. इंजिनाच्या घुमण्याखालून एक ओळखीचा आवाज आला. "सत्यजीतराव, अहो सत्यजीतराव, मी आले." लगेच त्याचा स्वतःचा आवाज, "काकू, जरा डावीकडे सरका, नंबर झाकला जातोय." आणि मग पुन्हा तो आवाज, अगदी समजूतदार. "बरं बरं."

हसनने फोनपासून कान काढला. "सत्या," तो हलकेच म्हणाला, "घरी जा."

नवीन पनवेलमधल्या त्या तिसऱ्या मजल्याच्या दारात सत्यजीत पोचला तेव्हा दार उघडंच होतं. सासूबाई, म्हणजे सुमतीबाई, सोफ्यावर पाय वर घेऊन चहा पीत होत्या. हिरवी साडी. समोरच्या टीपॉयवर त्यांचा फोन.

"पाणी पिऊन झालं?" चारुताने विचारलं.

सत्यजीत दारातच चपला काढत राहिला.

"आई बारा वाजताच आली, रिक्षाने. तू फोन करत होतास ना, तो आम्ही दोघी वाजताना बघत होतो."

"पण आई, तुम्ही एस-तीनमध्ये का नव्हतात?"

"हिनेच सांगितलं होतं," सुमतीबाई म्हणाल्या. "एस-तीनला थांबू नकोस, रोहा गेलं की आतून पुढे पुढे जात राहा, तो इंजिनापाशीच असेल. आले मग एकेक डबा करत. एका मुलाने पिशव्या धरल्या. पुढचे दोन जनरलचे, त्यांचं दार बंद होतं, म्हणून तिसऱ्यातून उतरले. बघते तर तुम्ही खरंच तिथे."

"बरोबर जागी उभा होता," चारुता म्हणाली. "तोंड तेवढं दुसरीकडे होतं."

सत्यजीत खाली मान घालून टीपॉयच्या काचेकडे बघत राहिला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. तेरा डबे, तीन पिशव्या, ते गुडघे. आणि आपण म्हणालो, डावीकडे सरका.

"चुकलं माझं आई," तो म्हणाला.

सुमतीबाईंनी कप खाली ठेवला. "जाऊ दे गो चारू. चेहरा बघ कसा झालाय त्यांचा. दारू पितात का, पत्ते खेळतात का? इंजिनच बघतात ना. जाऊ दे त्यांना रविवारी."

चारुताने आईकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "बरं. जा."

सत्यजीतला त्या क्षणी सासूबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. तो पडलाही. पडताना खिशातला फोन थरथरला, आणि उठता उठता त्याने तो बघितला.

ग्रुपवर नवा वाद पेटला होता. डिझेल लावलं कुठे? अविनाश म्हणत होता रत्नागिरी. आदिल म्हणत होता चिपळूण. हसन म्हणत होता, 'खात्रीने कुणीच सांगू शकत नाही, आपल्यातलं त्या गाडीत कुणी नव्हतं.'

सत्यजीतने फोन खिशात ठेवला. समोर सुमतीबाई चिवडा खात होत्या. अख्ख्या ग्रुपला जे हवं होतं ते त्याच्यापासून चार फुटांवर बसलं होतं. तो एक मिनिट गप्प राहिला. दुसरं मिनिटही त्याने कसंबसं काढलं.

"आई," तो म्हणाला, "प्रवासात फार त्रास नाही ना झाला?"

चारुताचा चेहरा पहिल्यांदाच निवळला.

"छे हो. गाडी मध्ये तेवढी थांबली होती. चांगला अर्धा तास."

"अर्धा तास. अरेरे," सत्यजीत म्हणाला. आणि मग, अगदी सहज, "कुठे?"

चारुताने हातातली बशी खाली ठेवली. "सत्यजीत."

"नाही, आईंना त्रास झाला असेल म्हणून..."

"फोन दाखव."

रविवारी सकाळी सात माणसं आणि सत्यजीतच्या जागी आदिल असे आठ जण शेडला गेले. सत्यजीत महडला देवळाच्या रांगेत होता, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात सासूबाईंची पिशवी. खिशात फोन सारखा थरथरत होता. शेडमधले फोटो येत होते, उघडी इंजिनं, आतली यंत्रं, ड्रायव्हरच्या खुर्चीत बसलेला आदिल. चारुता पुढे हार घ्यायला गेली. आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं. आता गमवायला काही उरलंही नव्हतं.

"आई," त्याने खालच्या आवाजात विचारलं, "ती गाडी अर्धा तास थांबली होती, ते स्टेशन कुठलं हो?"

सुमतीबाईंनी मोठ्या मायेने त्याच्याकडे बघितलं.

"ते मला कसं ठाऊक असणार? मी झोपले होते. अर्धा तास थांबली असं शेजारची बाई म्हणाली."