शनिवारची सॉना आणि माझी घंटा

“राउहाकाकू, अंघोळ करणाऱ्यांच्या दारावर तुम्ही अजून किती वर्षं झाडू आपटणार?”

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. तोही आमच्या इमारतीच्या अध्यक्षांना! आणि मी विचारला! तळघरातल्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, दर शनिवारी प्रत्येक घराला एक तास. तास संपला की काकूंचा झाडू दारावर धाडकन!

“मग काय, गाणं म्हणू?” काकू गुरगुरल्या.

“मी घंटा करून देते! संगणकावर!”

घरी बाबा म्हणाले, “हेन्ना, हे जमलं तर तुला औलू शहरातल्या संगणकशाळेत पाठवू. नाही जमलं तर इथेच, आईबरोबर बेकरीत.”

मला काय, हातचा मळ! संगणकाला सांगायचं, बाबा रे, एकपासून मोजत सूट. अमुक आकड्याला पोचलास की तास झाला, वाजव घंटा. घरच्या थकल्याभागल्या संगणकावर ती तंतोतंत वाजली. शनिवारी मी तेच सगळं इमारतीच्या कचेरीतल्या कोऱ्या करकरीत संगणकावर चढवलं आणि जिन्यातला भोंगा जोडला.

पहिला नंबर कौप्पिनेन नवराबायकोचा. तापल्या दगडांवर पाणी पडलं, चर्र झालं, आणि घंटा!

दुसऱ्या कुठे कुणी म्हटलं असतं, “अहो, आत्ताच तर बसलो!” आमच्याकडे? एकवेळ चोरी चालेल, दुसऱ्याच्या वेळेत बसणं नाही. दोघं ठणठणीत कोरडे बाहेर आले.

“छान झाली अंघोळ,” काका म्हणाले.

“झकास,” कौप्पिनेनकाकू म्हणाल्या.

मग तेर्वोंचं कुटुंब आत. घंटा! पोरांचे मोजेसुद्धा निघाले नव्हते. आउनेआजी तर दारापर्यंत पोचल्या तोवर त्यांचा तास संपलेला! घंटा ऐकून वरची घरं टॉवेल गुंडाळून उतरतच होती. बघता बघता कपडे बदलायच्या खोलीत अख्खी इमारत उभी. टॉवेलात. सगळे भिंतीकडे बघत.

तेवढ्यात आतून बाबा आले, डोक्यावर साबणाचा फेस घेऊन. “काय गं, तुझा तास केवढा असतो?”

मी कचेरीकडे धूम ठोकली. बघते तर काय, नवा संगणक तोच आकडा चुटकीसरशी मोजून मोकळा! जुना म्हणजे गोगलगाय, हा ससाणा. मी संगणकाची पावलं मोजली आणि तीच वेळ समजले! मोजणंच काढून टाकलं आणि त्याला त्याच्या पोटातलं घड्याळ बघायला लावलं. आता संगणक कुठलाही असो, तास तासाएवढाच.

खाली येऊन मी हे सगळ्यांना समजावलं. हातवारे करून. शेवटी राउहाकाकू बोलल्या, “माझ्या झाडूच्या काळात लोक भिजायचे तरी.”

घरी मी आईसमोर आणि डोक्यावर फेस वाळलेल्या बाबांसमोर ताठ उभी राहिले.

“माझं ठरलंय. मी औलूलाच जाणार. शिकायला पाठवा नाहीतर लपायला पाठवा, गाडी तीच आहे!”