ढिगाऱ्याकडचा गोल

डेनिस बॅराक्लॉच्या शेडमधल्या एकाही डब्यावर नाव लिहिलेलं नव्हतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"नावं कोण लिहितं? ज्याला डोकं नाही तो," असं तो हॅथर्सलीच्या क्लबघरात बिअरचा ग्लास आपटून सांगायचा. "माझे डोळे बांधा आणि शेडमध्ये सोडा. रंग, खिळे, जाळी, काय मागाल ते हात घालून काढून देतो. एकतीस वर्षं मैदान सांभाळतोय. चिखलामुळं एक सामना रद्द झाला नाही माझा."

ऐकणारे माना डोलवायचे. ऐकणारे चारच असायचे आणि त्यातल्या एकाला ऐकू येत नसे.

हॅथर्सली वेल्फेअर हा क्लब खाणकामगारांनी १९११ साली काढला. टीव्हीवर जे फुटबॉल दिसतं, त्यातल्या एका खेळाडूच्या आठवड्याच्या पगारात हा क्लब मैदानासकट शंभर वर्षं जगला असता. जमिनीखाली कोळसा होता तोवर इथं कठड्याला रेटून चार-चार हजार माणसं उभी राहायची. मग वरच्यांना कोळसा नकोसा झाला. खाण गेली, खाणीमागं पगार गेले, बँक गेली, तीन पबमधले दोन गेले आणि बसच्या फेऱ्या निम्म्या झाल्या. जाताना कोणी तोंडदेखलं वाईट वाटल्याचंही सांगितलं नाही. मागं राहिला खाणीच्या टाकाऊ मातीचा काळा, डोंगराएवढा ढिगारा, आणि त्याच्या पायथ्याशी वेल्फेअरच्या मैदानावरचा एक गोल. पोकळ झालेली जमीन तिथं खचली होती. चार थेंब पडले की गोलसमोर तळं. गावात कुणी नुसतं "ढिगाऱ्याकडचा गोल" म्हटलं, की माणसं आधी आपल्या बुटांकडं बघायची.

डेनिस क्लबचा सेक्रेटरी होता, मैदान राखायचा, दारावर तिकिटं फाडायचा, आणि क्लबचा इतिहासही त्यानंच लिहिला होता. दुसरं कोणी नव्हतंच.

आता त्या इतिहासाचं शेवटचं पान जवळ आलं होतं. काउन्सिलशी, म्हणजे इथल्या नगरपालिकेशी, झालेल्या करारात एक कलम होतं: क्लब काउंटी लीगमध्ये आहे तोवर मैदान क्लबचं, खाली घसरला की मैदान परत. तिथं गोदाम उभं राहणार होतं. कलम लिहिणारा माणूस जन्मात कधी पावसात सामना बघत उभा राहिला नसणार. मोसमाचा शेवटचा शनिवार उरला होता आणि हिशोब सरळ होता. जिंकलं तर क्लब राहतो. बरोबरी झाली तरी खाली. सामनाच झाला नाही तरी खाली.

आणि गुरुवारपासून पाऊस लागला होता.

त्याच शनिवारी सिरिल वोमर्सलीचा शेवटचा निरोपही होता. सिरिल म्हणजे वेल्फेअरचा जुना सेंटर फॉरवर्ड, सगळ्यांच्या पुढं राहून गोल मारणारा. तीन आठवड्यांपूर्वी ब्याऐंशीव्या वर्षी गेला. या भागात माणूस मेला की देवाघरी नंतर जातो, आधी क्लबच्या मैदानावर जातो. सामन्याआधी सगळे गप्प उभे राहतात आणि राख मधल्या वर्तुळात टाकतात. डेनिसचा नियम एकच होता. गोलसमोर टाकायची नाही, तिथं आधीच गवत उगवत नाही.

सिरिलची बायको म्युरिएल हिनं राख डेनिसच्या हवाली केली होती. म्युरिएल ऐंशीची, मैदानावरची चहाची टपरी चाळीस वर्षं चालवणारी. तिच्या चहाला चव नव्हती, पण तिला नाही म्हणायची हिंमतही कुणात नव्हती. राखेच्या बरणीचं झाकण तडकलेलं होतं, म्हणून डेनिसनं तिच्यासमोरच राख रंगाच्या रिकाम्या, झाकणाच्या पांढऱ्या बादलीत ओतली आणि बादली फळीवर ठेवली. शेजारी तस्सीच दुसरी बादली होती, कोरड्या वाळूची.

"त्याच्यावर नाव लिही रे," म्युरिएल म्हणाली.

"मला लागत नाही."

"तुला नाही लागत. त्याला लागेल."

डेनिस नुसता हसला.

शनिवारी अकराला रेफ्री मैदान बघायला आल्या. प्रिचर्डबाई. एरवी शाळेत गणित शिकवायच्या, आणि मैदानाकडं बघायची नजर तीच, चुकलेल्या उत्तराकडं बघायची. ढिगाऱ्याकडच्या गोलसमोर जाऊन त्यांनी छातीच्या उंचीवरून चेंडू सोडला. चेंडू पडला तिथंच बसला, रुसलेल्या जावयासारखा.

"नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

"बाई, दहा मिनिटं द्या."

"दहा मिनिटांत काय करणार तुम्ही?"

"एकतीस वर्षं जे करतोय ते."

डेनिसनं दातेरी फावड्यानं गोलसमोर भोकं पाडली, बादल्यांनी पाणी उपसलं आणि धावत शेडमध्ये गेला. चष्म्यावर पाणी, श्वास फुललेला, बाहेर बाई घड्याळ बघतायत. त्यानं फळीवर हात घातला, बादली उचलली आणि पळत परत आला. गोलच्या रेषेवर, रेषेच्या आत, रेषेच्या पुढं, त्यानं मुठीमुठीनं सगळं पसरलं आणि वरून दाताळं फिरवलं. बादली पार रिकामी केली, बूड थोपटून. चिखल थोडा आळला, करडा झाला.

प्रिचर्डबाईंनी पुन्हा चेंडू टाकला. तो वीतभर उडाला.

"बरं. खेळवू," त्या म्हणाल्या. मग वाकून त्यांनी ते करडं बोटानं चाचपलं. "छान बसली हो वाळू. कुठून आणता?"

"इथलीच आहे," डेनिस अभिमानानं म्हणाला.

एकच्या सुमाराला म्युरिएल काळा कोट घालून आली. हातात जिल्हा कप, क्लबनं आजवर जिंकलेली एकमेव वस्तू. रात्रभर घासून तिनं तो चकचकीत केला होता.

"सिरिलला आण. ह्याच्यात भरते. जिवंतपणी त्याला हा कप एकदाही उचलायला मिळाला नाही."

डेनिस शेडमध्ये गेला. फळीवर एकच बादली होती. त्यानं झाकण काढलं. आत पिवळीधमक वाळू, काठोकाठ.

तो उलट्या क्रेटवर बसला. दारात मॅनेजर ग्लेन स्टेनफर्थ उभा राहिला तेव्हा तो भानावर आला.

"कुणी मेलं का?" ग्लेननं विचारलं.

"मेलाय आधीच. मी त्याला गोलात पसरलाय."

ग्लेननं खाली पडलेल्या रिकाम्या बादलीकडं बघितलं, भरलेल्या बादलीकडं बघितलं, आणि त्याच्या ध्यानात आलं.

"सगळा?"

"सहा फूट दोन इंच होता. पुरून उरला."

"मग सांग तिला."

"सांगितलं की ती गोलात खुर्ची टाकून बसेल. सरकारनं खाण बंद केली तेव्हा बसली होती ना खाणीच्या दारात, नऊ दिवस? पोलिसांना नाही उठवता आली, प्रिचर्डबाई काय उठवणार? सामना गेला, मैदान गेलं."

ग्लेन डोकं खाजवत राहिला. "आपल्या गोलकीपरला सांगू नकोस. तो आधीच घाबरट आहे."

प्रश्न कपाचा होता. पिवळी वाळू चालणार नव्हती, म्युरिएलनं राख बघितलेली होती. काहीतरी पांढरट करडं हवं होतं. म्युरिएल कप ठेवून टोपी नीट करायला आरशापाशी गेली तेवढ्यात डेनिस तो उचलून तिच्या टपरीत घुसला. चहाची दुधाची पावडर, मोठा डबा, भरलेला. त्यानं सगळी कपात ओतली, वर चुलीतली चिमूटभर राख भुरभुरली, आणि कप फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिला. असा घाम त्याला खाणीतही कधी सुटला नव्हता.

"जड वाटत नाही," म्युरिएल म्हणाली.

"शेवटी शेवटी रोडावला होता," डेनिस म्हणाला, आणि स्वतःचीच जीभ चावली.

अडीच वाजता एकाहत्तर प्रेक्षक टोप्या काढून भर पावसात उभे राहिले. पाहुणा संघ स्क्रूटन पार्कचा, त्यांचेही खेळाडू खाली माना घालून रांगेत. म्युरिएलनं मधल्या वर्तुळात कप कलता केला. पावडर पडली, पाणी लागलं, आणि बघता बघता गवतावर पांढरा, दाट, गुठळ्यांचा घोळ जमला. सिरिल वोमर्सलीचा पार खरवस झाला.

तेवढ्यात पाहुण्यांपैकी कुणाचा तरी कुत्रा साखळी सोडवून पळत आला आणि दिवंगताला चाटू लागला.

कोणी हललं नाही. मौनाचं अजून अर्धं मिनिट बाकी होतं आणि या लोकांत मौन मोडण्यापेक्षा मरण बरं समजतात. एकाहत्तर माणसं ताठ उभं राहून कुत्र्याचं जेवण बघत राहिली. शिट्टी वाजली तसा कुत्र्याचा मालक धावत आला.

"माफ करा बाई. एरवी असा नाही हो तो. परक्यांकडचं खातच नाही."

म्युरिएलनं कपाच्या काठावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि डेनिसकडं बघितलं. डेनिस ढगांकडं बघत होता.

स्क्रूटन पार्कनं विसाव्या मिनिटाला गोल केला, वेल्फेअरनं चाळिसाव्याला फेडला. मध्यंतराला गारठलेली माणसं चहाच्या टपरीपुढं रांग लावून उभी राहिली.

"दूध नाही. काळा घ्यायचा तर घ्या," म्युरिएल म्हणाली.

"दूध नाही? चाळीस वर्षांत असं झालं नाही," रांगेतला एक जण कुरकुरला. "गेलं कुठं?"

"सिरिलनं नेलं," म्युरिएल म्हणाली. मोठ्यानं. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या डेनिसला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

डेनिस चहा न घेताच परतला.

उत्तरार्धात वेल्फेअरचा हल्ला ढिगाऱ्याकडच्या गोलावर होता. पाऊस वाढला. मिनिटं सरत होती, पोरं चिखलात म्हशींसारखी लोळत होती, आणि एक गोल हवा होता, फक्त एक. कठड्याला टेकलेले म्हातारे घड्याळ बघत होते. गोल झाला तर पुढच्या शनिवारी यायला जागा होती, नाही झाला तर नव्हती.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला पाहुण्यांचा गोलकीपर पुढं आला, घसरला आणि पाठीवर आपटला. चेंडू सुटून वेल्फेअरच्या कर्टिसपुढं पडला. कर्टिस एरवी घरोघरी पार्सलं पोचवायचा. समोर रिकामा गोल. तीन यार्ड. त्यानं सावकाश, पार्सल दारात ठेवावं तसा, चेंडू आत ढकलला.

चेंडू घरंगळत निघाला. करड्या पट्ट्यात शिरला. हळू झाला. अजून हळू झाला. आणि रेषेवर, अर्धा आत, अर्धा बाहेर, थांबला.

पाहुण्यांचा बचावपटू धापा टाकत आला आणि त्यानं चेंडू पार ढिगाऱ्यावर भिरकावला. प्रिचर्डबाईंनी घड्याळ बघून शिट्टी फुंकली. बरोबरी.

कोणी शिव्याही दिल्या नाहीत. माणसं कॉलर वर करून निघाली, प्रेतयात्रेहून परततात तशी, एकेकटी. कर्टिस चिखलात बसून राहिला, त्याला ग्लेननं उठवून नेलं.

म्युरिएल छत्री घेऊन गोलापाशी आली. डेनिस तिथं उभाच होता.

"इथं आहे ना तो?"

"हो."

"अख्खा?"

"हो. म्युरिएल, मी मुद्दाम नाही... दोन्ही बादल्या एकसारख्या..."

"बादल्यांचं राहू दे." ती रेषेकडं बघत होती. चेंडू थांबला होता तिथं चिखलात वाटीएवढा खळगा उरला होता. "बासष्ट साली इथंच, बघ."

डेनिसला सांगायची गरज नव्हती. बासष्ट साली देशातल्या मोठ्या कपच्या स्पर्धेत एक मोठा क्लब हॅथर्सलीत खेळायला आला होता. शेवटच्या मिनिटाला शून्य-शून्य असताना सिरिलपुढं रिकामा गोल होता, तीन यार्डांवर. गोल झाला नाही, पलीकडून चढाई झाली आणि वेल्फेअर हरलं. डेनिसच्या इतिहासात चौतिसाव्या पानावर लिहिलं होतं: 'वोमर्सलीनं हातची संधी वाया घालवली.' ते वाचून सिरिल त्याच्याशी दोन वर्षं बोलला नव्हता.

"साठ वर्षं सांगत होता," म्युरिएल म्हणाली. "मी मारला होता, चेंडूच थांबला चिखलात. पबमध्ये सांगायचा, लोक हसायचे. घरी सांगायचा, मी म्हणायची, जेव आता. इस्पितळात सांगितलं त्यानं, शेवटच्या दिवशी. तेव्हाही मी म्हटलं, बरं बरं." तिनं छत्री मिटली. पाऊस पडतच होता. "खोड ते पान."

"खोडतो."

"आणि माझा दुधाचा डबा भरून दे."

"टपरी तर आता..."

"भरून दे म्हटलं ना."

त्या संध्याकाळी डेनिसनं चौतिसाव्या पानावरची ओळ खोडून वर लिहिलं: 'वोमर्सलीचा फटका अचूक होता, चेंडू चिखलात थांबला.' मग शेवटचं पान उघडून आजच्या सामन्याबद्दल लिहिलं. तेही वाक्य तेच झालं, नाव तेवढं बदललं. चिखल कसला होता हे त्यानं लिहिलं नाही. मग तो शेडमध्ये गेला आणि वाळूच्या बादलीवर, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, जाड अक्षरांत 'वाळू' असं लिहिलं.

जूनमध्ये काउन्सिलची माणसं शेड पाडायला आली. मुकादमानं सामानाची यादी करायला घेतली, फळीवरच्या दोन बादल्या खाली काढल्या आणि एकीवरचं नाव वाचलं.

"ही वाळू. आणि ह्या रिकामीत काय होतं?"

"आमचा सेंटर फॉरवर्ड," डेनिस म्हणाला.